खोकल्यापुरती नाही मी

मी ओव्याची फांदी बोलतेय. झाड म्हणा, रोप म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा, पण ऐकून घ्या. मला रोज कुणी ना कुणी तोडतं. ऐकत मात्र कुणी नाही.

आधी एक गोष्ट साफ करून टाकते. तुमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यात जे ओव्याचे दाणे असतात ते माझे नव्हेत. ते झाड वेगळं. आमच्या वासात साम्य, म्हणून लोकांनी त्याचं नाव मला चिकटवलं. खिडकीपाशी थांबून बायका अजून विचारतात, "हिला ओवा कधी लागणार गं?" कधीच लागणार नाही, बाई. माझी पानं बघ की. जाड आहेत, कडेला कातरलेली आहेत, वरून बाळाच्या कानासारखी लव आहे. एक पान चुरगळलं तर बोटांचा वास संध्याकाळपर्यंत जात नाही. एवढं सगळं समोर असताना यांना दाणे हवेत. जे नाही ते मागायचं आणि जे आहे ते ओरबाडायचं, माणसांची ही खोड मला पहिल्यापासून माहीत आहे.

माझा जन्म बियांतून झालेला नाही. आम्ही सगळ्या फांदीच्या फांद्या. कुणाच्या तरी दारातून मोडून आणलेल्या आणि कुणाच्या तरी मातीत खोचलेल्या. माझी आई टेलरबाईंच्या दुकानामागे एका फुटक्या बादलीत होती. टेलरबाई म्हणजे लेडीज टेलर, अंगानं भारदस्त, गळ्यात कायम मापाची टेप. तोंडात टाचण्या धरून बोलायची त्यांना सवय, त्यामुळे त्यांचं बोलणं नेहमी दातांच्या फटीतून येतं आणि टोचतंही तसंच.

टेलर लोकांचा एक नियम असतो. कापडाच्या कात्रीनं कापडच कापायचं. कागदाला ती लावली तरी टेलरबाई समोरच्याच्या सात पिढ्या काढतात. पण मला त्यांनी त्याच कात्रीनं कापलं. घाईत होत्या म्हणून नाही. मैत्रिणीच्या दुकानाचा पहिला दिवस होता म्हणून. ओल्या चिंधीत गुंडाळून मला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "काय गं इस्त्रीवाले, दुकान उघडलंस आणि दारात एक हिरवं पान नाही. ही घे. पाणी कमी घाल, मरत नाही. माणसांपेक्षा चिवट आहे."

अशी मी इस्त्रीवालीकडे आले. तेलाचा रिकामा डबा, खाली खिळ्यानं पाडलेली भोकं, रस्त्याकडेची माती. हेच माझं घर. डबा खिडकीत ठेवला. आतल्या बाजूला इस्त्रीचं टेबल, बाहेरच्या बाजूला रस्ता. दोन्ही दिसायचं मला.

दुकान म्हणजे राहत्या घराचीच पुढची खोली. मधे एक पडदा आणि पडद्यामागे दोन खोल्यांचा संसार. टेबलावर घडी घातलेली घोंगडी, त्यावर पांढरी चादर, तिला मध्यभागी पिवळसर झाक आलेली. वर तारेला हँगर. भिंतीलगत गाठोडी, प्रत्येक गाठोड्याला वेगळ्या रंगाचा दोरा. कुणाचा रंग कुठला ते फक्त इस्त्रीवालीला ठाऊक. तिला नावं लक्षात राहत नसत, कपडे लक्षात राहत. एखादा माणूस रस्त्यात भेटला तर ती त्याला ओळखायची नाही. मग त्याची कॉलर दिसली की म्हणायची, "हा तर निळ्या दोऱ्याचा."

तिच्या दुकानाचं नाव कशामुळे झालं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. तिनं ज्याच्याकडे काम शिकलं तो म्हातारा जुन्या पद्धतीचा होता. तोंडात पाण्याचा घोट धरायचा आणि कपड्यावर फुर्रकन फवारा मारायचा. पाणी इतकं बारीक पडायचं की बघत राहावं, पण शेवटी ते तोंडातलंच. हिला त्याची किळस यायची. स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा हिनं फवाऱ्याची बाटली घेतली आणि सगळ्यांना दिसेल अशी टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली. लोक म्हणायला लागले, तिच्याकडे द्या, तिथे काम स्वच्छ असतं, तोंडातलं पाणी मारत नाहीत. डॉक्टरीणबाई आपले पांढरे कोट द्यायला लागल्या. बाळंतिणीच्या घरची दुपटी यायला लागली.

ती स्वच्छता म्हणजे तिची अब्रू झाली. कपड्यावर केस पडू द्यायची नाही. शिंक आली तर दाराबाहेर जाऊन शिंकायची.

माझे ते दिवस बरे गेले. मला खिडकीत ऊन होतं, माती कोरडी होती आणि आतून इस्त्रीची ऊब यायची. मी पसरले. खिडकीचा अर्धा गज झाकून टाकला. येणारे-जाणारे म्हणायचे, "दुकानात काय छान वास येतो." तो माझा वास होता, पण श्रेय इस्त्रीला जायचं. जाऊ दे.

फक्त एक सल होता. मला खायला कुणी तोडायचं नाही. टेलरबाईंनी किती वेळा सांगितलं, "अगं, पान पिठात बुडवून तळ, कुरकुरीत लागतं. वाटून दह्यात घाल." इस्त्रीवाली म्हणायची, "बघू, सवड मिळाली की." सवड कसली मिळतेय. घरात कुणाचं नाक गळलं, कुणाचं पोट फुगलं, की मग माझी आठवण. बरं वाटलं की माझ्याकडे पाठ. मी या घरात औषध होते. औषधाची कुणाला गोडी असते?

या घरात माझी सगळ्यात मोठी भक्त म्हणजे नणंद. इस्त्रीवालीच्या नवऱ्याची थोरली बहीण. तिचं लग्न झालं नाही की मोडलं, हे या घरात कुणी विचारत नाही आणि ती सांगत नाही. गाठोडी सोडणं, घड्या घालणं, स्वयंपाक, सगळं तिच्याकडे. माणूस कामाला वाघ, पण एकदा डोक्यात काही बसलं की बसलं. तिच्या डोक्यात मी बसले होते.

"डॉक्टर काय देणार?" ती म्हणायची. "गोळ्या. आणि गोळ्या कशापासून करतात? झाडपाल्यापासूनच. मग मधला माणूस कशाला?"

तिच्या या बोलण्यावर मला हसू यायचं. तेव्हा यायचं. नंतर नाही आलं.

खोकला कधी सुरू झाला ते घरातल्या कुणालाच सांगता आलं नाही. मला येईल. पावसाळी हवा संपली, उन्हं तिरपी झाली आणि एके दुपारी इस्त्रीवाली टेबल सोडून खिडकीपाशी आली. समोर डॉक्टरीणबाईंचा कोट पसरलेला. तिनं ओठ घट्ट मिटले होते आणि छाती आतल्या आत उडत होती. माझं एक पान खुडलं, तोंडात टाकलं, चावलं, डोळे मिटून उभी राहिली. उबळ दबली. मग परत टेबलाशी.

मला वाटलं, चला, उपयोगी पडले. मला काय कळत होतं तेव्हा.

माझं पान साध्या खोकल्याला चालतं. घसा खवखवतोय, सर्दी झालीय, चार दिवसांत जाणारच आहे, तेवढ्यापुरता आराम पडतो. हा तसला नव्हता. हा छातीच्या तळातून यायचा. रोज दुपार कलली की हिचे कान लाल व्हायचे, डोळे चकाकायचे, आणि लोक म्हणायचे इस्त्रीच्या गरमीनं. गरमीनं कसं होईल? सकाळीही इस्त्री तेवढीच गरम असायची की.

ती माझ्याकडे पुनःपुन्हा यायला लागली. गिऱ्हाईक दारात दिसलं की आधी एक पान. गिऱ्हाईक बोलघेवडं असलं तर दोन. कुणी विचारलं तर म्हणायची, "तोंडाला वास चांगला राहतो." लोकांना त्याचंही कौतुक. बघा, किती टापटीप बाई.

आणि मी मूर्खासारखी वाढत होते. आमच्या जातीचा गुणच तो. शेंडा खुडला की बाजूनं दोन फुटवे येतात. ती जितकं तोडायची तितकी मी भरगच्च व्हायचे. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, काय झाड आहे, कुणी हात लावत नाही वाटतं. तिचं दुखणं माझ्या पानांआड झाकलं गेलं. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अहो, मी वाढतेय याचा अर्थ ही झिजतेय. पण झाडाच्या ओरडण्याला आवाज नाही. वास आहे फक्त, आणि वास सगळ्यांना आवडत होता.

घरात माणसं नव्हती असं नाही. भरलेलं घर होतं. पण प्रत्येकाचा खोकला वेगळा. म्हणजे प्रत्येकानं ऐकलेला.

नवरा बस चालवायचा. पहाटे निघायचा, संध्याकाळी यायचा. आयुष्यभर इंजिनाशेजारी बसून त्याचे कान जाडे झालेले. बायको पडद्याआड खोकली तर त्याला वाटायचं रस्त्यावरून गाडी गेली. पहाटे दोघांचा चहा व्हायचा. तेव्हा ती स्वतःच्या कपात माझी दोन पानं टाकायची. तो म्हणायचा, "तुला बरंय, सुगंधी चहा." विनोद करायचा. माणूस वाईट नाही. डोळ्यांनी रस्ता बघायची सवय, घर बघायची नाही.

लेक एका दातांच्या डॉक्टरांकडे बाहेरच्या टेबलावर बसायची. दिवसभर फोनवर लोकांना सांगायची, "दुखायची वाट बघू नका, आधीच दाखवून घ्या." तोंडपाठ वाक्य. घरी आली की आईच्या हातात गरम पाण्याचा पेला द्यायची, त्यात माझं एक पान. "आई, घसा सांभाळ गं." मग मोबाइल. मी खिडकीतून बघायचे आणि मनात म्हणायचे, पोरी, ते फोनवरचं वाक्य इथे म्हण ना एकदा. या खोलीत म्हण.

आणि नणंद दुपारी काढा करायची. तिला वाटायचं, काढा आपण देतोय आणि आपल्या काढ्यानं खोकला धरून ठेवलाय. तिचंही चुकलं असं कसं म्हणू? तिच्यासमोर इस्त्रीवाली खोकायचीच नाही. काढा प्यायल्यावर तर मुद्दाम नाही.

नवऱ्यानं सुगंधी चहा बघितला, लेकीनं खवखवणारा घसा आणि नणंदेनं बरं होत आलेलं पडसं. पुरता खोकला फक्त मी बघत होते. आणि बघत होते तिच्या एप्रनची नाडी. पूर्वी मागे गाठ बसायची. मग नाडी मागून फिरवून पुढे यायला लागली आणि गाठ पोटावर बसायला लागली. नाडी तीच, वाढली नव्हती.

मधे एकदा टेलरबाई कोरे कपडे घेऊन आल्या. शिवून झालेले कपडे त्या इस्त्रीला इथेच आणायच्या. एक टाचणी तोंडातून काढून म्हणाल्या, "बारीक झालीस गं. कुणाच्या नजरेत भरायचंय?"

"कामात वेळ मिळत नाही जेवायला."

"नणंद एवढी रांधते, ते कोण खातं? तू का नणंद?"

"बाई, तुमचं आपलं काहीतरीच," पडद्यामागून नणंद म्हणाली. "माझं मेलं अंग भरल्यासारखं दिसतं, पण खाणं चिमणीचं."

तिघी हसल्या. हसता हसता इस्त्रीवालीला उबळ आली. ती वळली, माझं पान तोंडात. टेलरबाईंनी बघितलं. "दाखव कुणाला तरी," त्या म्हणाल्या.

"घरचं चालू आहे की," नणंद म्हणाली. "उतार आहे."

"दाखवीन," इस्त्रीवाली म्हणाली. "पण बाई, दवाखान्याच्या बाकावर बसलेली कुणी बघितली ना, की झालं. इस्त्रीवालीला खोकला लागलाय म्हणतील. आपल्या तान्ह्या पोराचं दुपटं कोण देईल मग माझ्या हातात? जाऊ दे, हवा बदलली की जाईल."

टेलरबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीभर हिरवीगार. त्यांना वाटलं असेल, एवढं मोठं झाड उभं आहे, म्हणजे फारसं लागत नसेल. त्या गेल्या. माझ्या हिरवेपणाचा मला त्या दिवशी जेवढा राग आला तेवढा कशाचाच आला नाही.

मग थंडी पडली. थंडीत आम्ही फुटत नाही. असलेली पानं धरून बसतो आणि उन्हाची वाट बघतो. पण खोकल्याला थंडी मानवते. तिचा हात थांबेना. मोठी पानं संपली, मधली संपली, मग ती नखाएवढे कोवळे शेंडे खुडायला लागली. नणंद कुरकुरायची, "झाडाला कीड लागली का काय?" आणि उरलेल्यातलं एक काढ्याला न्यायची. लेक आपलं एक न्यायची. कुणाचा हात कुणाला माहीत नाही.

खरं सांगू? मला बोडकं व्हायचं होतं. देठ उघडे पडले, गज दिसायला लागला, रस्त्यावरची धूळ सरळ आत यायला लागली, आणि मी म्हणत होते, होऊ दे. एक पान उरायला नको. जोवर माझं पान आहे तोवर ही बाई दवाखान्याची पायरी चढणार नाही. झाडानं असं म्हणावं का? मी म्हटलं.

शेवटचं पान तिनं एका सकाळी खाल्लं. दुपारी टेबलावर टेलरबाईंचा कोट होता. राखाडी रंगाचा, अस्तर लावलेला, कुणा गिऱ्हाइकासाठी बाईंनी जीव ओतून शिवलेला. काखेत एक सुरकुती नाही. शेवटची इस्त्री तेवढी बाकी. बाई घ्यायला येणारच होत्या.

इस्त्रीवालीनं ओलं फडकं पसरलं, कोटाच्या पाठीवर इस्त्री धरली, आणि उबळ आली. ती खिडकीकडे धावली. हात पुढे केला. मी नुसत्या काड्या. तिचा हात काड्यांमधून फिरला, इकडून तिकडे, जसा एखादा अंधारात बटण शोधतो. पान नाही. मग तो खोकला सुटला. मागच्या सगळ्या दिवसांचा दाबलेला. गजाला धरून ती खाली बसली.

इस्त्री कोटावरच होती.

आधी वाफ गेली, मग धूर. लोकरीचा जळका वास माझ्या जन्मात या दुकानात आला नव्हता. नणंद पडदा सारून धावत आली, इस्त्री उचलली. कोटाच्या पाठीवर होडीच्या आकाराचा तपकिरी डाग. टोक वर, बूड खाली. इस्त्रीनं आपला ठसा उमटवला होता.

लेकीला त्या दिवशी सुट्टी होती, तीही बाहेर आली. आणि दारात टेलरबाई.

त्या तडक टेबलाशी आल्या. मग बाईंनी कोट उचलला, डाग बघितला.

"हे काय केलंस तू?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "लग्नाला घालायचाय त्यांना हा. तू? तुझ्या हातून?"

इस्त्रीवाली खाली बसलेलीच. बोलायला गेली, खोकला बोलू देईना.

"अगं लक्ष कुठे होतं तुझं?" नणंद म्हणाली. "इस्त्री सोडून खिडकीत काय बघत होतीस?"

"आत्या, ओरडू नकोस ना तिला," लेक म्हणाली.

टेलरबाईंनी कोट टेबलावर टाकला. राग होताच, पण समोरची बाई खोकून निळी पडत होती. "थांब, आधी पान देते तुला, मग भांडते," म्हणाल्या आणि खिडकीशी आल्या. माझ्याशी.

आणि थबकल्या. मला कापून आणणारा हात तो, मला ओळखायला त्याला चष्मा लागत नाही. काड्यांवरून त्यांनी बोटं फिरवली. प्रत्येक सांध्याशी पान तुटल्याची खूण. जुनी, नवी, ओली.

"हिला कुणी खाल्लं?" त्यांनी विचारलं.

"कीड लागलीय," नणंद म्हणाली.

"कीड अशी नखानं खुडते का? शिलाई कोणती आणि उसवण कोणती, ते मला कळतं. ही तोडलेली आहे. कुणी तोडली?"

"मी आपली काढ्यापुरती घेते," नणंद म्हणाली. "तेवढीच."

"मी पण एक घेते, पाण्यात घालायला," लेक म्हणाली. मग आत्याकडे बघून, "तू काढा देतेस? रोज?"

"रोज म्हणजे, दुपारचा. तू पाणी देतेस?"

"मग बाकीची?" टेलरबाई म्हणाल्या. "अख्खी खिडकी होती ही. बाकीची कुठे गेली?"

टेलरबाई खाली वाकल्या, मैत्रिणीला उठवायला कमरेत हात घातला. हात भलताच आत गेला. एप्रनच्या खिशात काहीतरी बोचलं त्यांना. खिसा त्यांनी पालथा केला.

फरशीवर देठ पडले. माझे. चघळून काळे पडलेले, वाळलेले, काही अजून हिरवे. ती कपड्यांच्या खोलीत कचरा टाकायची नाही ना, तोंडातला देठ खिशात ठेवायची. रात्री बाहेर टाकायची, पण खिसा शिवणीत देठ धरून ठेवत होता. मूठभर पडले, तरी अजून पडतच होते.

नणंद खाली बसली. एक देठ उचलून तिनं हातात धरला. "वहिनी," ती म्हणाली, "अगं माझा काढा चालत नव्हता, तर सांगायचंस ना मला."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, वन्सं," इस्त्रीवाली म्हणाली.

ऐका. छातीत आग लागलेली बाई नणंदेला वाईट वाटू नये म्हणून गप्प होती. मला दात असते तर मी खाल्ले असते.

लेक रडायला लागली नाही. उठली, मोबाइल काढला आणि फोनवर बोलायचा तो आवाज लावला. "पेशंट माझी आई आहे. खोकला जुना आहे. नाही, उद्या नाही. आत्ता घेऊन येतेय."

"कोट," इस्त्रीवाली म्हणाली.

"कोट गेला खड्ड्यात," टेलरबाई म्हणाल्या. "पाठीचा पल्ला बदलीन. कापड उरलंय माझ्याकडे. तुझी पाठ कुठून आणू? ऊठ."

"दुकान?"

"मी आहे ना," नणंद म्हणाली, आणि मग खिडकी लावून शटरच खाली ओढलं. भर दुपारी. दुकान उघडल्यापासून पहिल्यांदा. मी शटरच्या आत राहिले, अंधारात, त्या जळक्या वासात. मला कुणी काही सांगून गेलं नाही. झाडाला कोण सांगतं?

टीबी निघाला. छातीचा फोटो झाला, थुंकी तपासली. पडद्याआडून तुकड्यातुकड्यांनी ऐकलं मी सगळं. बरा होणारा आहे, पण गोळ्या पुष्कळ महिने, आणि एक दिवस चुकवायचा नाही. घरातल्या सगळ्यांना तपासलं. नवऱ्यानं त्या संध्याकाळी चहाचा कप हातात धरला आणि चहा गार होऊन साय आली तरी प्यायला नाही.

डॉक्टरांनी विचारलं म्हणे, "इतके दिवस काय करत होतात?" आणि नणंद म्हणाली, "ओव्याचं पान देत होतो." झालं. भर दवाखान्यात माझं नाव निघालं, तेही आरोपी म्हणून. मी कुणाला म्हटलं होतं का, मी छातीचा रोग बरा करते? मी खिडकीतलं रोप आहे. घशाला आराम देते, तोंडाला चव आणते. माझ्याकडून कुणी किती मागायचं?

तिला भीती होती तसंच झालं थोडंसं. दुपटी येईनाशी झाली. एक बाई आपलं गाठोडं समोरून, मान फिरवून, पुढच्या गल्लीतल्या दुकानात घेऊन गेली. पण डॉक्टरीणबाईंनी कोट देणं थांबवलं नाही. टेलरबाई तर दारात उभ्या राहून मोठ्यानं म्हणायच्या, "मी इथेच देते. लपवत नाही ती काही, औषध घेते. तुम्ही घेता का वेळेवर तुमचं?" त्यांच्याशी वाद कोण घालणार.

मधल्या काळात इस्त्री नणंदेनं धरली. ज्या दिवशी ती थकली, त्या दिवशी नवऱ्यानं. बसवाल्यानं विजारीला एकाशेजारी एक दोन धारा पाडल्या. गिऱ्हाईक म्हणालं, "हे काय?" तर म्हणतो, "जायची वेगळी, यायची वेगळी." पडद्यामागे तोंडाला फडकं बांधून बसलेली इस्त्रीवाली हसली. त्या हसण्यामागून खोकला आला नाही. मी कान देऊन ऐकत होते.

माझ्याकडे मात्र कुणी बघेना. आधी ओरबाडून खाल्लं आणि आता राग धरला. नणंदेनं तर पाणी घालणंही सोडलं. जणू मीच घात केला. टेलरबाईंनी एकदा येऊन माझे वाळके शेंडे कापले, त्याच कापडाच्या कात्रीनं, आणि नणंदेला म्हणाल्या, "हिच्यावर कशाला रुसतेस? ती बोलली असती तर तुझ्या आधी बोलली असती." मला या घरात ओळखणारं एकच माणूस, आणि ते या घरातलं नाही.

ऊन परत आलं. सांध्यासांध्यातून मी फुटले. सवयच ती.

आता इस्त्रीवाली पुन्हा टेबलाशी उभी असते, अर्धा दिवस. गोळ्या अजून चालू आहेत. एप्रनची गाठ मागे गेलीय, हे घरात अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. माझ्या आलंय.

परवा दुपारी ती खिडकीशी आली. माझं एक पान चांगलं तळहाताएवढं झालं होतं. तिनं हात पुढे केला आणि मी मुळापर्यंत आखडले. म्हटलं, आली पुन्हा. मी तिच्या छातीकडे बघितलं. उडत नव्हती. तिनं पान चुरगळलं नाही, हुंगलं आणि मागे वळून हाक मारली, "वन्सं, थोडं पीठ कालवता का?"

"कशाला?"

"बाई म्हणत असतात ना, तळून छान लागतं. बघू तरी."

"एका पानासाठी कढई ठेवू?"

"मग चार तोडते."

चार तोडली. मला दुखलं नाही. पडद्यामागे तेलात पडल्याचा आवाज आला, वास आला, तोही पहिल्यांदाच माझ्या नावावर. नणंदेनं एक खाल्लं, दुसरं खाल्लं, आणि म्हणाली, "मीठ कमी आहे." एवढंच. इतक्या वर्षांनी एकदाची चवीसाठी ताटात गेले, तर मीठ कमी.

तर बायांनो आणि बाप्यांनो, माझं म्हणणं एवढंच. खोकला चार दिवसांत गेला नाही तर माझ्या खिडकीत येऊ नका. दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसा, कुणी बघितलं तर बघू दे. घरात एखादी बाई घडीघडी माझं पान तोंडात टाकताना दिसली, तर झाडाचं कौतुक नंतर करा, आधी तिला विचारा.

आणि भूक लागली तर माझ्याकडे या. पीठ कालवा. मीठ बघून घाला.